औषध शरीरात गेल्यावर पुढे काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत 'औषध' म्हणजे भुरी किंवा केवडा या वेलीच्या बुरशीजन्य रोगांवर मारायचे फवारणीचे रसायन, आणि त्याच घरातल्या कपाटातली तापाची गोळी म्हणजेही 'औषध'च. बोलीतली ही सरमिसळ शरीराच्या दृष्टीने बरीचशी बरोबर आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, फवारणीचा तुषार, वाइनमधला अल्कोहोल आणि बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले विष यांच्यासाठी शरीराने वेगवेगळे विभाग उघडलेले नाहीत. ही सारी शरीराला परकी रसायने आहेत आणि त्यांची विल्हेवाट बहुतांशी एकच यंत्रणा लावते. नाशिकमध्ये औषध दुकानाच्या काउंटरवर वर्षानुवर्षे विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे समजून घेण्यासाठी आहेत. स्वतःच्या गोळ्यांचे प्रमाण त्यांवरून बदलू नये.

गोळी पोटात गेल्यावर ती शेवटी जाते कुठे?

आतड्यातून शोषलेले जवळजवळ सर्व काही प्रवेशिका शिरेतून आधी यकृतात जाते आणि त्यानंतरच उरलेल्या शरीराला मिळते. त्यामुळे काही औषधांचा मोठा भाग पहिल्याच फेरीत यकृतात खर्ची पडतो. छातीत कळ आल्यावर आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात, त्याचे कारण हेच आहे. जिभेखालच्या रक्तवाहिन्यांतले रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते, त्यामुळे औषध लवकर आणि पुरेसे पोहोचते. घाबरलेल्या माणसाने तीच गोळी पाण्याबरोबर गिळली, तर परिणाम उशिरा आणि कमी होतो.

शरीरातून बाहेर पडण्याचे मुख्य रस्ते दोन आहेत. मूत्रपिंडातून लघवीवाटे आणि यकृतातून पित्तामार्गे शौचावाटे. अडचण अशी, की बहुतेक औषधे तेलात विरघळणारी असतात. तशी नसती, तर पेशींची स्निग्ध आवरणे ओलांडून ती आत शिरलीच नसती. पण असे रसायन मूत्रपिंडाने गाळले, तरी ते नलिकांच्या भिंतींतून पुन्हा रक्तात परतते. म्हणून त्याला आधी पाण्यात विरघळण्याजोगे करावे लागते. चयापचयाचे हे सारे काम म्हणजे तेलकट रसायनाला पाणीदार करणे, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे बरेचसे समजते.

यकृत हे नेमके कसे करते?

सामान्यतः दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात रसायनाच्या रेणूवर एखादा ऑक्सिजनचा अणू बसवला जातो किंवा त्याचा एखादा तुकडा तोडला जातो, म्हणजे पुढच्या टप्प्याला धरायला जागा मिळते. हे काम प्रामुख्याने सायटोक्रोम पी-४५० या विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या (एन्झाइमांच्या), कुटुंबाकडे असते. कार्बन मोनॉक्साइडशी जोडल्यावर ही प्रथिने ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, म्हणून त्यांना हे नाव पडले. माणसात या कुटुंबाची ५७ कार्यक्षम जनुके आहेत, पण औषधांचा भार त्यांतली मोजकीच विकरे वाहतात आणि त्यांत सीवायपी-३ए-४ हे सर्वांत कष्टाळू आहे.

दुसऱ्या टप्प्यात त्या जागेवर शरीर स्वतःजवळचा एक पाणीदार रेणू जोडून देते: ग्लुकुरोनिक आम्ल, सल्फेट, ग्लायसिन किंवा ग्लुटाथायोन. ही जोडणी किती जुन्या काळापासून ठाऊक आहे याचे मला नेहमी अप्रूप वाटते. १८४२ साली केलर या जर्मन संशोधकाने स्वतः बेन्झोइक आम्ल घेतले आणि आपल्या लघवीतून हिप्युरिक आम्ल वेगळे केले. गिळले एक आणि बाहेर पडले दुसरे, म्हणजे मधल्या मार्गात शरीराने त्याला ग्लायसिन जोडले होते. सरबताच्या बाटलीवर परिरक्षक म्हणून छापलेले सोडियम बेन्झोएट आजही आपल्या शरीरातून याच वाटेने जाते.

प्रत्येक रसायन दोन्ही टप्प्यांतून जातेच असे नाही. काही थेट दुसऱ्यात शिरतात, तर काही मुळातच पाणीदार असल्याने जशीच्या तशी लघवीत उतरतात.

म्हणजे यकृतात गेले की विष निवळतेच ना?

नाही, आणि या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. समोर आलेले रसायन घातक आहे की निरुपद्रवी, हे विकरांना कळत नाही. रेणूचा आकार जुळला की विकर आपली क्रिया करते. त्यातून तयार होणारा पदार्थ बहुतेक वेळा सौम्य असतो, पण कधी तो मूळ रसायनापेक्षा जहाल निघतो.

विषारी दारूतले मिथेनॉल स्वतः फार मोठे विष नाही. यकृत त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते, आणि दृष्टी जाते ती या आम्लामुळे. शेंगदाण्यावर किंवा मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृतातच असे रूप घेते, जे पेशींतल्या डीएनएला चिकटते आणि कालांतराने यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. कडवट, काळपट दाणा तोंडात आला तर थुंकून टाकावा, ही घरातली शिकवण म्हणून अगदी रास्त आहे.

हाच गुणधर्म औषधनिर्मितीत उपयोगीही पडतो. रक्तदाबाचे एनालाप्रिल आणि रक्त पातळ ठेवणारे क्लोपिडोग्रेल ही औषधे गोळीत असताना जवळजवळ निष्क्रिय असतात. शरीर त्यांना बदलते तेव्हाच ती काम करू लागतात.

पॅरासिटामॉल साधी गोळी आहे. तिची एवढी भीती का घालतात?

योग्य प्रमाणात ती खरोखरच सुरक्षित आहे. घेतलेल्या मात्रेचा सुमारे ९० टक्के भाग ग्लुकुरोनिक आम्ल आणि सल्फेट यांच्याशी जोडला जाऊन निमूट बाहेर पडतो. उरलेल्यापैकी थोड्या भागावर पी-४५० विकरे काम करतात आणि एनएपीक्यूआय नावाचा एक अत्यंत आक्रमक रेणू तयार होतो. यकृताच्या पेशीत ग्लुटाथायोनचा साठा असतो. तो या रेणूला लगेच धरतो आणि प्रकरण तिथेच मिटते.

मात्रा फार वाढली, की सल्फेट अपुरे पडते, जास्त माल एनएपीक्यूआयच्या वाटेने वळतो आणि ग्लुटाथायोन संपत येते. साठा आटला, की तो रेणू पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरू लागतात. यातली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी रुग्णाला थोडी मळमळ सोडली तर फारसे काही जाणवत नाही. 'आता बरे वाटते आहे' म्हणून घरीच थांबतात आणि यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. यावरचा उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन हा आहे. तो यकृताला ग्लुटाथायोन पुन्हा बनवायला कच्चा माल पुरवतो. आठ तासांच्या आत तो मिळाला तर यकृत जवळजवळ नेहमी वाचते. म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील, तर लक्षणांची वाट पाहू नये.

निरोगी प्रौढासाठी २४ तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. ही मर्यादा नकळत ओलांडली जाते ती वेगळ्याच मार्गाने. तापासाठी ६५० ची गोळी, सर्दीसाठी दुसरी आणि अंगदुखीसाठी तिसरी, आणि तिन्हींच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल असतेच. नावे वेगळी असली तरी यकृताला बेरीजच दिसते. नियमित दारू पिणाऱ्याच्या आणि उपाशी-कुपोषित माणसाच्या यकृतात ग्लुटाथायोनचा साठा आधीच कमी असतो, त्यांनी ही मर्यादा स्वतःपुरती आणखी खाली समजावी.

एकच गोळी एकाला लागू पडते आणि दुसऱ्याला त्रास देते, असे का?

विकरांची जनुके आई-वडिलांकडून येतात आणि ती सर्वांची सारखी नसतात. क्षयरोगाचे आयसोनियाझिड निकामी करणारे विकर काहींत वेगाने काम करते, काहींत संथपणे. भारतीयांत संथ गटातले लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या रक्तात औषध जास्त काळ रेंगाळते आणि हातापायांना मुंग्या येण्याची शक्यता वाढते. म्हणून त्या औषधाबरोबर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. 'ही तर नुसती ताकदीची गोळी' असे समजून तीच नेमकी टाळणारे रुग्ण मी अनेक पाहिले आहेत.

खोकल्याच्या काही औषधांतल्या कोडीनचेही असेच आहे. यकृत त्याचे थोडे मॉर्फिन करते. काहींच्या शरीरात ते जवळजवळ होतच नाही, तर काहींत इतक्या झपाट्याने होते की लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो. मोठ्यांच्या बाटलीतले अर्धे झाकण मुलाला देण्याची सवय त्यामुळे धोकादायक आहे. वय आणि यकृत-मूत्रपिंडांचे आजार यांचाही वाटा असतोच.

रक्तदाबाच्या गोळीबरोबर द्राक्षे चालतात का? पाकिटावर द्राक्षे नको असे लिहिले आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न सतत येतो आणि त्यामागे एक गैरसमज आहे. माहितीपत्रकावर लिहिलेले असते 'ग्रेपफ्रूट'. त्याचा आपल्या द्राक्षाशी काहीही संबंध नाही. ते लिंबाच्या कुळातले, मोठ्या मोसंबीसारखे दिसणारे फळ आहे. त्यातली फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्ये आतड्याच्या भिंतीतले सीवायपी-३ए-४ विकर निकामी करतात. शरीराला ते विकर नव्याने घडवावे लागते, म्हणून एका पेल्याचा परिणाम दिवसभराहून अधिक टिकतो. काही रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची रक्तातली पातळी त्यामुळे अनपेक्षित वाढते. १९८९ साली हे लक्षात आले तेही योगायोगाने. फेलोडिपीन या औषधाच्या प्रयोगात अल्कोहोलची चव झाकण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता.

थॉम्पसन किंवा सोनाका जातीची द्राक्षे खायला या कारणाने हरकत नाही. मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब वेगळा. जपायचे असेल तर पपनसापासून जपावे. ते ग्रेपफ्रूटचे सख्खे नातलग आहे आणि त्यातही तीच द्रव्ये आढळतात.

दोन औषधे एकमेकांच्या वाटेत येतात म्हणजे काय होते?

दोन प्रकारे. एक औषध दुसऱ्याचे विकर अडवते किंवा त्या विकरांची संख्या वाढवते. ओमेप्रॅझोल हे आम्लपित्ताचे औषध क्लोपिडोग्रेलला सक्रिय करणारे विकर अडवते. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने दुकानातून 'ॲसिडिटीची गोळी' मागताना आपली दुसरी गोळी कोणती हे सांगितलेच पाहिजे. क्षयरोगातले रिफॅम्पिसिन उलट वागते. त्याच्यामुळे यकृत एक-दोन आठवड्यांत जादा विकरे बनवू लागते आणि गर्भनिरोधक गोळी, रक्त गोठू न देणारे वॉरफरिन अशी औषधे वेळेआधीच संपतात. सहा महिन्यांच्या उपचारात अनपेक्षित गर्भधारणा झाल्यावर 'गोळी एकही दिवस चुकवली नव्हती' असे सांगणारी स्त्री खरेच सांगत असते. अशा वेळी दुसरे साधन वापरावे आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे तेच चालू ठेवावे.

विडी-सिगारेटचा धूरही असाच विकरे वाढवणारा आहे. त्यामुळे धूम्रपान सोडले की दम्याच्या थिओफायलिनची पातळी वाढते आणि मात्रा कमी करावी लागते. व्यसन सोडले ते उत्तमच, पण डॉक्टरांना ते कळवावे.

वाइन उतरवायला ताक, लिंबू किंवा काळी कॉफी उपयोगी पडते का?

नाही. १५० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण १४-१५ ग्रॅम अल्कोहोल असतो आणि यकृत तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम जाळते. प्रमाण वाढले म्हणून वेग वाढत नाही. एका पेल्याला जवळपास दोन तास लागतात, तीन पेल्यांना सहा.

फवारणी करताना औषध अंगात जाते का? तोंडात तर गेले नाही.

जाते, आणि बहुतेक वेळा त्वचेतून जाते. फवारताना असतो त्याहून मोठा धोका टाकीत औषध कालवताना असतो, कारण तेव्हा हाताला लागणारे द्रावण पाणी न मिसळलेले, तेलकट आणि जहाल असते. त्वचेतून शिरलेले रसायन आधी यकृतात न जाता सरळ रक्ताभिसरणात मिसळते, आणि उन्हात घामेजलेल्या अंगातून शोषण वाढते.

सेंद्रिय फॉस्फरस गटातली बरीच कीटकनाशके मूळ रूपात दुबळी असतात. शरीरात त्यांच्यातल्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि मग ती मज्जातंतूंमधले एक अत्यावश्यक विकर बंद पाडतात. मॅलॅथिऑन माणसाला तुलनेने सौम्य का, याचे उत्तर फार देखणे आहे. आपल्या यकृतातली एस्टरेझ विकरे त्याला जहाल होण्याआधीच तोडतात. किडीजवळ ती पुरेशी नसतात. ही ढाल मात्र मोडता येते. १९७६ साली पाकिस्तानात हिवताप निर्मूलनाच्या कामात सुमारे २,८०० फवारणी कामगार आजारी पडले आणि ५ जण दगावले. साठवणीत मॅलॅथिऑनमध्ये तयार झालेले आयसोमॅलॅथिऑन त्याच एस्टरेझना निकामी करत होते. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे पडून राहिलेला डबा वापरण्याआधी ही घटना आठवावी.

वेलीवर मारलेले औषध वेल पचवते का?

काही अंशी, हो. वनस्पतीतही पी-४५० आणि ग्लुटाथायोन जोडणारी विकरे असतात, आणि शास्त्रज्ञ वनस्पतीला 'हिरवे यकृत' म्हणतात ते त्यामुळेच. मक्याला ॲट्राझिन हे तणनाशक बाधत नाही, कारण मका त्याला चटकन ग्लुटाथायोन जोडतो. तणाला ते साधत नाही. पण वेलीला मूत्रपिंड नाही. बदललेले रसायन तिला पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) किंवा पेशीभित्तिकेत साठवावे लागते. लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले जे किमान दिवस दिलेले असतात, ते या विघटनाला लागणारा वेळ मोजूनच ठरवलेले असतात. व्यापारी दारात उभा आहे म्हणून ते दिवस कमी होत नाहीत.

२०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि आपल्या बागायतदारांना जबर फटका बसला. बागेत 'सीसीसी' म्हणतात ते हेच. माणसाच्या शरीरात ते बहुतांशी न बदलता लघवीतून निघून जाते, कारण ते मुळातच पाणीदार आहे. वेलीत मात्र दीर्घकाळ टिकून राहते. एकच रसायन, पण दोन सजीवांत त्याचा मुक्काम किती वेगळा.

मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणातल्या तांब्याला हे काहीच लागू नाही. ते मूलद्रव्य आहे आणि मूलद्रव्य कोणतेही विकर तोडू शकत नाही. मातीत पडलेले तांबे मातीतच साचते.

तेच औषध दोन वर्षांनी किडीवर चालेनासे का होते?

कारण कीडही चयापचय करते. ज्या मोजक्या किडींत तोडणारी विकरे जन्मतःच जास्त असतात, त्या फवारणीतून वाचतात आणि पुढची पिढी त्यांची असते. मात्रा दुप्पट करणे म्हणजे ही निवड आणखी कडक करणे. रसायनाचा गट बदलून फवारणी करण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो. नुसते ब्रँडचे नाव बदलून घटक तोच राहिला, तर उपयोग नाही.

गाईला दिलेल्या औषधाने गिधाडे कशी मेली?

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याने जाताना अंजनेरीच्या कड्यावर अजूनही लांब चोचीची गिधाडे घिरट्या घालताना दिसतात. म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही. १९९० च्या दशकापासून दक्षिण आशियातल्या गिधाडांच्या तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. रोगराई, उपासमार असे बरेच तर्क झाले. २००४ साली खरे कारण कळले, ते म्हणजे डायक्लोफेनॅक, आपण सांधेदुखीला घेतो तेच. लंगडणाऱ्या बैलाला वेदना कमी व्हाव्यात म्हणून ते टोचले जाई.

गाय-बैलाचे यकृत डायक्लोफेनॅक काही दिवसांत बाहेर टाकते. ते टोचल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेले, तर औषध मांसात राहते. गिधाडाच्या शरीरातून मात्र ते फार सावकाश निघते. मूत्रपिंडे बंद पडतात, युरिक आम्ल रक्तात साचते आणि हृदय-यकृतावर खडूच्या भुकटीसारखा त्याचा पांढरा थर बसतो. शवविच्छेदनात दिसलेल्या या थरानेच संशोधकांना वाट दाखवली. भारताने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. पर्याय म्हणून पुढे आलेल्या ॲसिक्लोफेनॅकचे गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. म्हणजे बाटलीवरचे नाव बदलले आणि विष तेच राहिले; त्यालाही २०२३ साली बंदी झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडे लवकर पचवतात, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे त्याचे नाव घेऊन विचारावे.

मांजराला तापाची अर्धी गोळी दिली तर?

देऊ नये. ग्लुकुरोनिक आम्ल जोडणारे जे विकर पॅरासिटामॉलला लागते, ते मांजरात निकामी आहे. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

नवजात बाळाला कावीळ होते, ती कोवळ्या उन्हाने जाते का?

बिलिरुबिन हे परके रसायन नाही, ते आपल्याच रक्तपेशींतून येते, पण बाहेर जाण्यासाठी त्यालाही ग्लुकुरोनिक आम्ल जोडावे लागते आणि नवजात यकृताचे ते विकर अजून तयार व्हायचे असते. रुग्णालयातला निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलतो, त्यामुळे तो यकृताच्या मदतीविना बाहेर पडू शकतो. अंगणातले ऊन त्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही. याच अपुऱ्या विकरामुळे १९५० च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल दिलेली नवजात बाळे राखाडी पडून दगावली होती. बाळाला कोणतेही औषध, घरचे काढेसुद्धा, विचारल्याशिवाय देऊ नये.

यकृत 'साफ' करणारी डिटॉक्स पेये घ्यावीत का?

निरोगी यकृताला त्यांची गरज नाही. ही विकरे रोजच्या जेवणातल्या प्रथिनांतून घडतात, आणि भाकरी, उसळ, भाजी यांतून त्यांना लागणारे बरेचसे मिळते. उलट रिकाम्या पोटी घेतलेला दुधीचा रस कडू लागला, तर तो थुंकून ओतून द्यावा. कडू दुधीतल्या कुकरबिटासिनने रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झाले आहेत. 'कडू म्हणजे गुणकारी' हे येथे चालत नाही. यकृताला खरी मदत करायची, तर हिपॅटायटिस ब ची लस घ्यावी आणि दारू टाळावी.

फवारणीनंतर कोणाला घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर काय करावे?

१०८ ला फोन करावा. कपडे काढून अंग, केस आणि नखांखालचा भाग साबणाने भरपूर पाण्यात धुवावा, आणि धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी करवू नये. दूध-तूप पाजू नये. ॲट्रोपिन हा उतारा आणि त्याच्या जोडीची इंजेक्शने रुग्णालयातच मिळतात, आणि कोणते द्यायचे हे रसायनाच्या गटावर ठरते. म्हणून डब्याचे लेबल बरोबर न्यावे. त्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो आणि लाल सर्वांत जहाल. डबा हाताशी नसेल तर बिल न्यावे, तेही नसेल तर ज्याने टाकीत औषध कालवले त्या माणसाला बरोबर घ्यावे.